चित्र दुबार आले आहे काय?

पुतणीचं पत्र आलं तेव्हा थंडी होती, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात कागद धरून मी ते उभ्याउभ्याच वाचलं होतं. त्याला उत्तर दिलं नाही. पत्र काही मोठं नव्हतं. आमच्या घरात मला पत्र लिहिणारी ती एकटीच. बाकीचे फोन करतात, आणि फोनवर मी 'हो', 'बरं', 'असं का' यापलीकडे जात नाही हे ठाऊक असल्यामुळे लवकर ठेवूनही देतात. तिला मी लहानपणापासून भिंगरी म्हणतो. एका जागी बसणं तिच्या पायांना कधी जमलंच नाही. पुढे ती पाण्यात पडली ती पडलीच. आता धाकट्याच्या, म्हणजे माझ्या भावाच्या, तिच्या बापाच्या शहरात, पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवते. तिनं लिहिलं होतं, 'मोठे काका, एक विचारायचंय, रागावू नका. माझी पाठ आणि कपाळ तुमच्यासारखं झालंय. बाबा म्हणतात हे आपल्या घराण्याचं देणं आहे, मोठ्या काकांना जन्मभर मुरुम होते, काय बिघडलं त्यांचं. डॉक्टर गोळ्या देतात, त्या संपल्या की पुन्हा देतात. मुलांच्या आया काठावर बसून माझ्या पाठीकडे बघत असतात. एकीनं मुलाचं नाव काढून घेतलं. सोडून द्यावं का शिकवणं, असं मनात येतं. पण मला विचारायचं ते वेगळंच आहे. तुम्हाला खाज यायची का? मला येते. बाबांना सांगितलं तर म्हणतात, छे, आपल्याकडे कुणाला खाजत नाही, नुसते येतात. तुम्ही सांगा.'

'तुम्ही सांगा'च्या खाली तिची सही होती, आणि सहीनंतर काहीही नव्हतं. एका शब्दात उत्तर देता आलं असतं. मी उत्तराची सुरुवात केली नाही असं नाही. पहिल्या कागदावर हवामान होतं आणि मी सध्या काय वाचतो आहे ते होतं. दुसऱ्यावर 'खाजेविषयी म्हणशील तर' इथवर आलो, मग तो शब्द खोडून 'कंडूविषयी' असं केलं, ते वाचून मलाच हसू आलं आणि कागद फाडला. तिसऱ्या वेळी नुसतं शाईपेन भरून ठेवलं. जन्मभर मी दुसऱ्यांचा मजकूर दुरुस्त करत बसलो. छापखान्यात मुद्रितशोधक होतो. स्वतःचं वाक्य लिहायला घेतलं की ते पुरं व्हायच्या आत त्यातली चूक दिसायला लागते, आणि चूक असलेली वस्तू मी हातावेगळी करत नाही. असं मी स्वतःला सांगितलं. प्रत्यक्षात लाज वाटत होती. पत्र मी एका पुस्तकात ठेवलं, उन्हाळा आला, आणि विसरलो असं म्हणण्याइतपत विसरलो.

मग परवा बसमध्ये ते घडलं. घडलं म्हणजे तरी काय. मी पुढच्या बाकावर होतो, मागे एक बाई आणि तिचा लहान मुलगा. उकाड्यानं सदऱ्याची कॉलर ओली झाली होती आणि मी ती जरा मागे सारली होती. मुलाचं बोट माझ्या मानेला लागलं. गार, बारीक, कुतूहलानं लावलेलं बोट. लगेच आईनं त्याचा हात ओढला. "हात नाही लावायचा. पूस. पूस तो आधी." आणि थोड्या वेळानं ती दोघं उठून मागे जाऊन बसली. बस अर्धी रिकामी होती, त्यामुळे कुणाचंच काही अडलं नाही. मी कॉलर वर केली. तेवढ्या हालचालीत मला काठावर बसलेल्या आया दिसल्या, पाण्यात छातीपर्यंत उभी असलेली भिंगरी दिसली, पाठमोरी. आणि ती वळत नव्हती. मी दोन थांबे आधीच उतरलो. समोर एका इमारतीवर त्वचेच्या डॉक्टरांची पाटी होती. ती पाटी तिथे कैक वर्षं असावी. मी त्याच रस्त्यानं वाचनालयात जातो.

नंबर दुसऱ्या दिवशीचा मिळाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भिंगरीहून फार तर थोड्या मोठ्या. टेबलावर एक दिवा, एक भिंग, आणि तोंड पुसायच्या कागदांचा डबा. "बोला आजोबा," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "मुरुम आहेत. आमच्या घराण्यातच आहेत." "कधीपासून?" "तारुण्यापासून." "मग तारुण्य संपल्याचं त्यांना कुणी कळवलं नाही वाटतं," त्या म्हणाल्या आणि मला सदरा काढायला सांगितला. मी तो अशा बेतानं काढला की पाठ भिंतीकडे राहिली. त्यांनी खुर्ची फिरवली. दिव्याची ऊब मानेवर आली, मग दोन खांद्यांच्या मध्ये, मग खाली. माझ्या पाठीकडे इतका वेळ कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही. मग मागून, अगदी सहज, दुकानात 'पिशवी आणलीय का' असं विचारावं तसा प्रश्न आला: "खाज येते?"

आमच्या घरी खाज म्हणजे घाण. डोकेदुखी सभ्य होती, ताप सभ्य होता, पोटदुखीची तर आमची आई चौकशी करायची. पण अंग खाजवताना कुणी दिसलं की तिचा चेहरा असा व्हायचा, जणू आपण परक्यांच्या घरात उंबऱ्यावर चिखल उडवला. धाकटा आणि मी बाहेरच्या लोकांत हात मांडीखाली दाबून बसायचो. माझ्या कपाळावर आणि मानेवर पहिल्यांदा उठलं तेव्हा आई मला तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. त्यांच्या खोलीत लाकडी बाक होतं आणि स्पिरिटचा वास होता. त्यांनी माझी हनुवटी वर केली आणि नेमका हाच प्रश्न विचारला, मला. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "छे हो, खाज कुठली. आमच्याकडे स्वच्छता फार असते." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली, नाही अशी. मान हलवताना कॉलर घासली गेली आणि इतकी खाज सुटली की डोळ्यांत पाणी आलं. "मग मुरुम," डॉक्टर म्हणाले, "वयाचे आहेत. लग्न झालं की जातील." आई हसली, घरी येऊन तिनं ते सगळ्यांना सांगितलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात मुरुम होते. पुढे मामाच्या गालावर एक जुना व्रण सापडला, आजोबांच्या तसबिरीत कपाळावर काहीतरी दिसलं, आणि बघता बघता ते घराण्याचं झालं. खाजत नाही, नुसते येतात.

"हो," मी म्हणालो. ऐकू गेलं नसावं, म्हणून पुन्हा म्हणालो, "हो. येते." "केव्हा जास्त?" "घाम आला की. उन्हाळ्यात. कॉलर घट्ट असली की." "आणि हे कुणाला सांगितलं होतं याआधी?" मी भिंतीलगतच्या वजनाच्या काट्याकडे बघत होतो. "विषय निघाला नाही," मी म्हणालो.

त्यांनी फोननं माझ्या पाठीचा फोटो काढला आणि माझ्यासमोर धरला. स्वतःची पाठ मी पहिल्यांदाच बघत होतो. ती एखाद्या अनोळखी माणसाची होती आणि मला त्याची दया आली. "हे बघा," त्या पेन्सिलीच्या टोकानं दाखवत म्हणाल्या, "सगळ्या पुटकुळ्या एका मापाच्या. साच्यातून काढल्यासारख्या. प्रत्येकीच्या मधोमध केस, भोवती लाल कडं. मुरुमांचं असं नसतं. मुरुमांत लहान, मोठे, काळ्या तोंडाचे, पांढऱ्या तोंडाचे, आतल्या आत ठणकणारे, सगळे एकत्र नांदतात. एकत्र कुटुंब असतं ते. तुमच्या इथे काळं तोंड एकसुद्धा नाही. आणि मुरुम दुखतात, पण असे खाजत नाहीत सहसा. ही केसांच्या मुळांची सूज आहे. फॉलिक्युलायटिस." मग त्यांनी एका पातीनं पाठीवरचं जरासं खरवडून काचेवर घेतलं आणि आतल्या खोलीत गेल्या. मी सदरा मांडीवर घेऊन बसलो. परत आल्या तेव्हा हात पुसत होत्या. "बुरशीच्या जातीचं आहे. ही सगळ्यांच्याच अंगावर असते, तुमच्याकडे जरा जास्तच रमली. आधी काय घ्यायचात?" मी गोळ्यांची नावं सांगितली. पाठ होती. "त्या जंतू मारतात. जंतू मेले की हिला मोकळं रान. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं शेजाऱ्याला हाकलत होतात आणि भाडेकरू ऐसपैस होत होता." "म्हणजे तेव्हाही हेच होतं? तरुणपणी?" "ते मी आज कसं सांगू, आजोबा? असेल, नसेल. एकाच अंगावर दोन्हीही असू शकतात. आज जे आहे ते मुरुम नाही, एवढं मी लिहून देते." "आणि हे जाईल?" "औषधानं आवरेल. पुन्हा आलं तर पुन्हा यायचं, त्यात काय."

मी चिठ्ठी घेतली, आभार मानले, दारापर्यंत गेलो. मग परत आलो. पुढचा पेशंट अर्धा आत आला होता, तो थांबला. "माझी पुतणी आहे," मी म्हणालो, "दुसऱ्या गावी. तिलाही असंच. मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत." "तिला न बघता मी काही बोलणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तिच्या डॉक्टरांना खाज येते हे माहीत आहे का?" "तिनं सांगितलं नसेल. कारण घरात कुणाला खाजत नाही." "घरात कुणाला?" "मला," मी म्हणालो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि तो दारातला माणूसही. "मग तुम्ही आधी तिला सांगा की," त्या म्हणाल्या.

रस्त्यावर ऊन होतं. औषधाच्या दुकानात रांग होती, मी रांगेत उभा राहिलो, आणि तिथे उभं असताना मला छापखान्यातली आमची खोली आठवली. वरच्या मजल्यावरची, खालच्या यंत्रांनी जिची जमीन सतत थरथरायची ती. मुद्रितं तपासायचं काम दोघांचं असतं. एकजण मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचतो, विरामचिन्हांसकट, आणि दुसरा छापलेल्या कागदावर पेन्सिल फिरवत ताडून बघतो. माझ्यासाठी प्रत वाचायला एक बाई होती. आवाज खर्जातला, स्वच्छ. बोलताना ती विनोदी होती, पण वाचताना तिचा आवाज गणितासारखा व्हायचा. मी नेहमी भिंतीकडची खुर्ची घ्यायचो, पाठ भिंतीला आणि खिडकी मागे, म्हणजे चेहऱ्यावर उजेड येणार नाही. एकदा ती म्हणाली, "तुमचं आणि भिंतीचं कधी जमलं? आम्हाला पेढे नाहीत ते." सगळी खोली हसली. मीही हसलो. काम सुटल्यावर ती जिन्याच्या तळाशी छत्री चाचपत जरा जास्तच वेळ उभी असायची, आणि मी वर एक ओळ पुन्हा तपासत बसायचो. पुढे तिची बदली हिशेबाच्या खोलीत झाली, मग तिचं लग्न झालं, आणि मी मनाशी म्हटलं की असला चेहरा घेऊन आपण जिना तरी कसा उतरणार होतो. माझी ही समजूत फार उपयोगी पडली. इतकी वर्षं ती टिकली, एकदाही तपासावी लागली नाही.

तर त्या खोलीत एकदा वैद्यकाचं जाड पुस्तक आलं होतं. डॉक्टरांसाठी नव्हे, सामान्य वाचकांसाठी. लिहिणारे गृहस्थ स्वतः डॉक्टर होते आणि हिरव्या शाईनं दुरुस्त्या करायचे. त्वचेचं प्रकरण आम्ही एका दुपारी उरकलं. मला औषधाच्या रांगेत, पुढच्या माणसाच्या टकलाकडे बघताना, तिचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला: "केशमूळदाह स्वल्पविराम मुरुमांशी गल्लत होण्याचा संभव पूर्णविराम. पुटकुळ्या एकसारख्या स्वल्पविराम मध्यभागी केस पूर्णविराम. खाज बहुधा असते पूर्णविराम." आणि मी म्हणालो होतो, "पुढे." त्या क्षणी माझ्या सदऱ्याखाली, भिंतीला टेकलेल्या पाठीवर, तीच खाज चालू असणार. असणारच, उन्हाळा होता, पंखा तिच्या बाजूला होता. मी तिचा पूर्णविराम ऐकला, तो कागदावर आहे ना ते पाहिलं, आणि पुढे गेलो. लोकांना वाटतं मुद्रितशोधक फार वाचतो. तो अक्षर न् अक्षर बघतो, आणि तसं बघायचं तर वाचणं बंद ठेवावं लागतं. अर्थ लागायला लागला की चुका सुटतात. मी या कामात चांगला होतो. फोरमन म्हणायचा, यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही.

घरी येऊन मी ते पुस्तक शोधलं. आमच्या खोलीनं केलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत मला मिळायची, आणि मी ती कपाटात लावून ठेवायचो. त्या प्रकरणात चित्रांचं एक पान आहे: वर एक पाठ, खाली एक पाठ, दोन्ही तरुण पुरुषांच्या, दोन्हींवर ठिपके. पान बघताक्षणी मला आठवलं. या पानाच्या मुद्रितावर मी समासात लिहिलं होतं, 'चित्र दुबार आले आहे काय?' माझी समजूत अशी की छपाईवाल्यानं चुकून एकच ठसा दोनदा लावला. ही चूक पकडल्याचा मला अभिमान वाटला होता. मी ती तिलाही दाखवली होती. मुद्रित परत आलं तेव्हा खाली हिरव्या शाईत होतं, 'नाही. दोन वेगळे विकार. नीट पाहावे.' मी माझा प्रश्न खोडला आणि पान पुढे दिलं. नीट पाहिलं नाही. आता मी ते पान खिडकीशी नेलं. वरच्या पाठीवर सगळं होतं, लहान, मोठं, काळ्या टोकांचं, एका ठिकाणी खड्डाही. खालची पाठ एखाद्या शिस्तीच्या माणसानं ठिपके काढावेत तशी होती. यात गल्लत होण्यासारखं काय होतं, हे मला कळेना. एखाद्या शाळकरी पोरालाही ती दोन चित्रं वेगळी सांगता आली असती. आणि तिथे, चित्रापुढे उभा असताना, ती उपयोगी समजूतही मला जरा उजेडात दिसली. समजा त्या दुपारी मी ते वाक्य ऐकलं असतं, त्या लेखक डॉक्टरांकडे हिरव्या शाईतलं उत्तर मागितलं असतं, पाठ बरी झाली असती. मी जिना उतरलो असतो का? मला खात्री नाही. पाठ बरी झाली असती तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं, बहुधा. चष्मा. उंची. पगार. मी मुरुमांमागे लपलो म्हणतो, पण मुरुम तर नव्हतेच.

हे सगळं माझ्यापुरतं होतं आणि त्याला आता काही औषध नाही. पण भिंगरीचं तसं नव्हतं. मी फोन उचलला. धाकट्यानं पहिल्याच घंटेला घेतला. "दादा? तू फोन केलास? कोण गेलं?"

"कुणी नाही. भिंगरी आहे का?"

"तलावावर आहे. शेवटचा आठवडा तिचा. तुला सांगायचं राहिलं, सोमवारपासून एका गोदामाच्या कचेरीत लागतेय. बसून काम. पंखा-बिंखा आहे."

"तिनं स्वतः ठरवलं?"

"मग काय मी ठरवलं? आया बोलायला लागल्या, तलावाची मुख्य बाई म्हणाली थोडे दिवस काठावरून शिकव. ही म्हणाली काठावरून शिकवायचं तर मग पुरतंच सोडते. तुझ्यावर गेलीय, मानी आहे. आणि बसून काम काय वाईट असतं का? तूही बसूनच काढलंस की आयुष्य. काय बिघडलं?"

"असं का," मी म्हणालो. त्याला याची सवय आहे. तो ठेवायच्या बेतात होता. "ऐक," मी म्हणालो. "मला यायची."

"काय यायची?"

"खाज. पाठीला. मानेला. अजून येते."

पलीकडे पाण्याचा नळ चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं. "आपल्याकडे कुणाला," तो म्हणाला, आणि थांबला. "आई तर म्हणायची..."

"आई म्हणायची."

"मग तू का नाही बोललास तेव्हा?"

"तू बोलायचास?"

मला कधी ऐकवला नव्हता अशा आवाजात तो म्हणाला, "दादा, तिनं वाट बघितली रे तुझ्या पत्राची. रोज खाली जाऊन पेटी उघडायची. मी म्हटलं, काका विसरले असतील, फोन कर. तर म्हणाली, नाही, काकांना फोनवर विचारलं तर अवघडतील. मग एक दिवस म्हणाली, काकांचं उत्तर नाही म्हणजे त्यांना येत नसेल. माझंच काहीतरी भलतं आहे. डॉक्टरांनी विचारलं तर नाही म्हणून सांगून आली."

"नाही म्हणून?"

"मी होतो ना बरोबर. मीच म्हणालो. ती नुसती मान हलवून बसली."

आता सांग तिला, संध्याकाळी फोन कर, असं काहीसं तो पुढे म्हणाला. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसून राहिलो. ती मान कशी हलली असेल ते मला दिसत होतं, आणि हलताना कॉलर कुठे घासली असेल तेही. मला वाटायचं की मी काही केलं नाही, म्हणून माझ्यामुळे कुणाचं काही झालं नाही; एका कोपऱ्यात बसून जगलेल्या माणसाचा एवढाच तर फायदा. इथे एका मुलीनं माझं न आलेलं उत्तर वाचलं होतं, माझ्यापेक्षा नीट, आणि त्यावरून स्वतःचं ठरवलं होतं. संध्याकाळी फोन करायचा तर ती धाकट्याच्या देखत बोलणार, आणि मी हो, बरं, असं का म्हणणार. मी कागद घेतला. हवामान लिहिलं नाही.

'चि. भिंगरी, हो, मला खाज यायची. अजून येते. घामानं वाढते. मी कधी कुणाला सांगितलं नाही, म्हणून घरात कुणाला माहीत नाही. तू विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं, लाज वाटली. आज डॉक्टरांकडे गेलो होतो. माझ्या अंगावर आहेत ते मुरुम नाहीत, केसांच्या मुळांची सूज आहे, औषध वेगळं आहे, आणि गोळ्यांनी ती वाढतच होती. तुझं काय आहे ते तुला न बघता सांगता येत नाही असं त्या म्हणतात, म्हणून मीही सांगत नाही. तू डॉक्टरांकडे एकटी जा. बाबांना नेऊ नकोस. पाठ दाखव, खाज येते म्हणून सांग, आणि सगळ्या पुटकुळ्या एका मापाच्या आहेत का, मध्ये केस आहे का, ते बघायला सांग. घराण्याचं म्हणून सोडून देऊ नकोस. काका आयुष्यभर बसून राहिले आणि त्यांचं काही बिघडलं नाही असं बाबा म्हणतात. बिघडलं. नोकरीचं तुझं तू बघ, पण माझ्यावरून काही ठरवू नकोस.'

पुन्हा वाचावं असं वाटलं आणि वाचलं असतं तर ते पत्र या टेबलावरच राहिलं असतं, हे मला माहीत होतं. पाकीट चिकटवलं, सदरा बदलला नाही, आणि टपाल कचेरी गाठली. खिडकीमागचा कारकून तरुण होता आणि घरी जायच्या घाईत होता.

"उद्या पोचेल का?" मी विचारलं.

"उद्या? नाही. परवा. शनिवारी."

"शनिवारी तलाव चालू असतो ना?"

"कसला तलाव?"

"पोहण्याचा. पत्ता तिथलाच घातलाय."

त्यानं पाकीट उलटं करून पत्ता वाचला. "ते मला काय ठाऊक, आजोबा. मी पोहत नाही. घरचा पत्ता घालायचा ना."

"घरी आधी तिचे वडील उघडतील. तलावावरच जाऊ दे. अजून आहे ती तिथे."

"अजून म्हणजे?"

"शनिवारपर्यंत," मी म्हणालो.

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, तिकीट लावलं, शिक्का मारला, आणि पाकीट बाजूच्या ढिगात न टाकता उठून मागे गेला, जिथे निघायची पोती बांधत होते. एकाचं तोंड अजून उघडं होतं. त्यात त्यानं ते टाकलेलं मी पाहिलं.